पोर्च नव्याने करायचाय? बादलीभर पाण्यापासून सुरुवात करा

पोर्चच्या कामाचा विचार बहुतेक जण टाइल निवडण्यापासून सुरू करतात. मीही तेच केलं होतं. जुनी फरशी उचकटायची कटकट नको म्हणून मिस्त्री म्हणाला, ‘आहे त्याच्यावरच नवी बसवू’, आणि मला ते लगेच पटलं. दोन दिवसांत काम उरकलं, दिसायलाही झकास. तिसऱ्या दिवशी कामासाठी काढून ठेवलेलं जाळीचं दार परत बसवलं, तर ते उघडेचना. खालून टाइलला अडकत होतं. दार तासून घेतलं. मग पहिला जोराचा पाऊस आला आणि पाणी उंबऱ्यावरून थेट बाहेरच्या खोलीत. जुनी फरशी उंबऱ्याच्या जेमतेम दोन बोटं खाली होती. नव्या टाइलने आणि तिच्याखालच्या मालाने ती दोन्ही बोटं खाऊन टाकली होती. शेवटी सगळं फोडलं आणि दुसऱ्यांदा केलं.

त्या दुसऱ्या खेपेला कळलं, की पोर्चचं काम हे मुळात पाण्याचं आणि पातळीचं काम आहे. टाइलचा रंग वगैरे नंतर कधीही ठरवता येतो. खाली लिहिलंय ते त्याच क्रमाने.

आठवडाभर नुसतं बघा

हातात हातोडी घ्यायच्या आधी एक बादली घ्या. दाराजवळ उभं राहून पोर्चवर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. अर्ध्या तासाने जिथे पाणी साचून राहिलंय त्याच्या कडेने खडूची रेघ मारा. पाणी भिंतीकडे किंवा दाराकडे सरकत असेल तर दुखणं फरशीच्या रंगाचं नाही, ढाळाचं आहे. खडूच्या रेघांचा फोटो काढून ठेवा, मिस्त्रीशी बोलताना कामी येतो.

मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक लादीवर हलकेच ठोका. भरीव लादी ‘टक’ वाजते, खालून सुटलेली लादी मडक्यासारखी पोकळ वाजते. आठ-दहा लाद्याच पोकळ असतील तर डागडुजी होईल. निम्म्या पोकळ असतील तर खालचा थरच बिघडलाय. लाकडी खांब असतील तर त्याच स्क्रू-ड्रायव्हरचं टोक खांबाच्या अगदी तळाशी दाबून बघा. चांगल्या लाकडात ते रुतत नाही. सहज आत गेलं तर तो खांब आतून कुजलाय किंवा वाळवीने खाल्लाय, वरून रंग कितीही चकचकीत असो. लोखंडी खांब असेल तर जमिनीलगतचा वीतभर भाग बघा. गंज तिथूनच सुरू होतो.

पोर्च आणि घराची भिंत जिथे मिळतात तिथे उभी किंवा आडवी भेग बऱ्याच घरांत दिसते. पोर्चचा पाया घराच्या पायापेक्षा उथळ असतो, खालचा भराव बसत जातो, त्यामुळे पोर्च थोडा वेगळा खचतो. केसाएवढी भेग असेल तर घाबरायचं कारण नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण करून तारीख लिहा. काही महिन्यांत भेग खुणेच्या पुढे गेली, किंवा तिच्यात नाणं जाऊ लागलं, तर नूतनीकरण बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. हलत्या पायावर टाकलेली कुठलीही टाइल तडकतेच.

भिंतीच्या खालच्या भागाला लोणा लागला असेल, म्हणजे पांढरी भुकटी सुटत असेल, तर ओल आत येतेय. ती कुठून येते ते शोधल्याशिवाय त्यावर रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात.

आणखी दोन धोके याच टप्प्यावर ओळखा. छपरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कापू नका, भोकं पाडू नका, वरून खाली टाकून फोडू नका. त्याची धूळ फुफ्फुसात जाणं घातक आहे, ते काम जाणकारांकडूनच करून घ्या. तसंच फार जुन्या घराच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता असते. असा रंग कोरडा घासायचा नाही, आणि घरात लहान मुलं असतील तर मुळीच नाही.

नक्की काय हवंय?

जमिनीवर खडूने खऱ्या मापाच्या खुर्च्या काढा, टेबल काढा आणि त्यांच्यामधून चालून बघा. कागदावर सगळं मावतं, पोर्चवर मावत नाही. दारापर्यंत जायला किमान ९०० मिमी मोकळी वाट हवी. पोर्चची खोली, म्हणजे भिंतीपासून बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर, १.५ मीटरपेक्षा कमी असेल तर एक तर बसता येतं, नाहीतर जाता येतं. दोन्ही एकदम जमत नाही. १.८ मीटरला बरं वाटतं, २.४ मीटरला टेबलही बसतं. बाहेर उघडणारी दारं उघडून त्यांचा अर्धवर्तुळाकार फेराही खडूने काढा. खुर्ची हमखास त्याच फेऱ्यात येते.

काचा किंवा पूर्ण जाळी लावून पोर्च बंद करायचा मोह होतो. करण्याआधी एक दिवस पोर्चच्या उघड्या बाजूला जाड चादरी टांगून आतल्या खोलीत बसून बघा. उजेड आणि वारा किती कमी होतो ते तासाभरात कळतं. मी या चादरींमुळेच विचार बदलला.

नुसती फरशी आणि रंग बदलणं ही एक गोष्ट; छप्पर वाढवणं, खांब हलवणं, पोर्च पुढे काढणं किंवा बंदिस्त करणं ही वेगळी. दुसऱ्या प्रकारात हद्दीपासूनचं अंतर आणि बांधकाम परवानगी यांचे नियम आड येतात. तुमच्या भागातला नियम काम सुरू करण्याआधी विचारा. पाडायला लावलेल्या छपराचे पैसे कोणी परत देत नाही.

उंबऱ्यापासून खाली मोजत या

हा भाग घाईने वाचू नका. बाकी सगळं चुकलं तरी दुरुस्त होतं, पातळी चुकली की फोडाफोडीच.

पारदर्शक नळीत पाणी भरा. आत एकही बुडबुडा राहू देऊ नका. एकाने एक टोक भिंतीशी धरायचं, दुसऱ्याने दुसरं टोक खांबाशी. दोन्हीकडचं पाणी थरथरायचं थांबलं, की पाण्याच्या रेषेवर दोघांनी एकाच वेळी खूण करायची. या दोन खुणा एका पातळीत आहेत, मग मधली जमीन कशीही असो. अशा खुणा भिंतीवर आणि सगळ्या खांबांवर करून दोरीने जोडल्या, की तयार होते ती तुमची आधाररेघ. काम संपेपर्यंत ती पुसू द्यायची नाही. सगळी मापं तिच्यापासून खाली घ्यायची. लेझर लेव्हल असेल तर हेच काम दोन मिनिटांत होतं, पण नळीवाल्या मिस्त्रीला हसू नका. नळी खोटं बोलत नाही.

आता हिशेब. समजा पोर्च २.४ मीटर खोल आणि ४ मीटर रुंद आहे, आणि उंबऱ्याचा माथा अंगणाच्या जमिनीपासून ५६० मिमी वर आहे. दाराशी तयार फरशी उंबऱ्याच्या माथ्यापासून किमान ५० मिमी खाली ठेवू. तिथून बाहेरच्या कडेपर्यंत ८० ला १ असा ढाळ दिला तर २.४ मीटरमध्ये ३० मिमी उतार होतो. खुर्ची डुगडुगायला हा उतार पुरेसा नाही, पाणी वाहायला पुरेसा आहे. म्हणजे कडेला फरशी उंबऱ्याच्या ८० मिमी खाली आली. उरले ४८० मिमी. त्यात पायऱ्यांच्या १६० मिमी उंचीच्या तीन चढण्या अगदी नेमक्या बसतात.

पायरीसाठी एक जुना नियम आहे, सतराव्या शतकातला फ्रेंच वास्तुविशारद ब्लाँदेल याचा: चढीची उंची दोनदा घ्या, त्यात पाऊल ठेवायच्या जागेची रुंदी मिळवा, बेरीज माणसाच्या एका पावलाच्या अंतराएवढी यावी. आजच्या मापात ती साधारण ६०० ते ६४० मिमी धरतात. आपल्या चढीचे १६० अधिक १६० आणि पाऊल ३०० मिमी, बेरीज ६२०. बसलं.

यात एक सापळा आहे. पायऱ्या जुन्याच ठेवून फक्त वरची फरशी २० मिमीने उचलली, तर खालच्या चढण्या १६० च्या आणि शेवटची १८० ची होते. पायाला पहिल्या दोन पायऱ्यांत लय सापडलेली असते, तिसऱ्या पायरीला बोट अडतं. घरातल्या माणसांना सवय होऊन जाते, येणारा पाहुणा पडतो. म्हणून पायऱ्या आणि फरशी एकाच हिशेबात धरा. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी येणार असेल तर तिच्या उतरत्या वाटेला (रॅम्पला) १२ ला १ पेक्षा जास्त चढ नको. ५०० मिमी चढायला ६ मीटर लांबी लागते, तेव्हा जागा आधीच बघून ठेवा.

वरून खाली

कामाचा क्रम सोपा आहे: पाडणं, मग छप्पर आणि खांब, मग जमिनीखालचे पाइप, मग भराव आणि काँक्रीट, मग गिलावा, रंगाचा पहिला हात, टाइल, कठडा, दिवे, रंगाचा शेवटचा हात. फरशी आधी आणि छप्पर नंतर केलंत तर नव्या टाइलवर पहिला ओरखडा छपराच्या पाइपाचा पडेल.

पाडताना मुख्य दार बंद होणार हे गृहीत धरा. मागचं दार नसेल तर अर्धा-अर्धा पोर्च करा. वेळ वाढतो, पण घरात अडकून पडत नाही. खांब बदलायचा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंनी तुळईला जॅकचे टेकू लागल्याशिवाय कोणी खांबाला हात लावायचा नाही. टेकू मोकळ्या मातीवर नको, जाड फळीवर. हे काम हौशी माणसाचं नाही.

लाकडी खांब कधीही थेट काँक्रीटमध्ये गाडू नका. धातूच्या बुटात, जमिनीपासून किमान २५ मिमी वर उभा करा, म्हणजे बुंधा पाण्यात बसणार नाही. लाकडाच्या कापलेल्या टोकालाच पाणी सर्वांत जास्त शोषलं जातं, तेव्हा खांब उभा करायच्या आधी त्या टोकाला संरक्षक द्रव किंवा रंगाचे दोन-तीन हात द्या. नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

छपराचं पाणी लोक विसरतात. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १२ चौरस मीटरच्या छपरावर तासाभरात ५० मिमी पाऊस पडला, तर ६०० लिटर पाणी त्या एका कडेवरून खाली येतं. पन्हळ नसेल तर ते सगळं पायऱ्यांवर आणि जोत्याशी आदळतं. पन्हळीला मीटरमागे ५ मिमी उतार द्या आणि खालच्या पाइपाचं तोंड जोत्यापासून लांब न्या. छप्पर भिंतीला मिळतं तिथे नुसतं सिमेंट किंवा सिलिकॉन थापून भागत नाही. पत्र्याची पट्टी भिंतीत खाच पाडून बसवावी लागते, तिने भिंतीवरून येणारं पाणी छपरावर ढकललं पाहिजे. गळती बहुधा याच सांध्यात सापडते.

काँक्रीट टाकायच्या आधी जमिनीत एक रिकामा पाइप पुरून ठेवा, पोर्चच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आत एक नायलॉनची दोरी ओवून आणि दोन्ही तोंडं बंद करून. आज गरज नसेल. उद्या फाटकाला घंटी, दिवा किंवा कॅमेरा लावायचा झाला तर फरशी फोडावी लागणार नाही. सगळे पाइप आणि वायरी झाकण्याआधी टेप ठेवून फोटो काढा.

फरशी

भराव थराथराने टाकून, पाणी मारून, धुमसून घ्या. एकदम फूटभर माती टाकून वरून धुमसलं तर वरचे चार इंच बसतात, खालची माती पहिल्या पावसाळ्यात बसते आणि तिच्याबरोबर फरशीही. काँक्रीटवर निदान ७ दिवस पाणी मारत राहा, ओलं पोतं टाकलं तर उत्तम. काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांची धरतात. ही वाट बघायची तयारी नसलेला मिस्त्री आणि ही वाट बघायची तयारी नसलेला घरमालक यांची जोडी फार वाईट.

ढाळ काँक्रीटमध्ये किंवा त्यावरच्या कोब्यात द्यायचा, टाइलखालच्या मालात कमी-जास्त करून नाही. पोर्चखाली खोली असेल तर टाइलच्या आधी वॉटरप्रूफिंग हवंच. ते भिंतीवर १५० मिमी वर चढवा, कोपऱ्यात काटकोन न ठेवता गोलाई द्या, आणि स्लॅब तेवढं वजन पेलेल अशी खात्री करून २४ तास पाणी साठवून खालून बघा.

टाइल कुठली? ओल्या पायाने घसरणार नाही अशी. घसरणीसाठी ‘आर’ने सुरू होणारा एक दर्जा अनेक टाइलच्या खोक्यावर असतो, बाहेरच्या जागेसाठी आर १० किंवा आर ११ बघा. चकचकीत टाइल दुकानातल्या दिव्याखाली सुंदर दिसते, पावसात ती साबण होते. नमुना घरी आणा, ओला करा, चप्पल घालून आणि अनवाणी त्यावर पाय घासून बघा. पोर्सेलिन टाइलचं पाणी शोषण ०.५ टक्क्यापेक्षा कमी असतं, ती बाहेर टिकते. खडबडीत दगड उत्तम. साध्या काँक्रीटवर ओलं असताना झाडू फिरवून उमटवलेल्या रेघाही मला आवडतात. स्वस्त आहे, आणि तिथे कोणी घसरत नाही.

किती टाइल घ्यायच्या ते क्षेत्रफळावरून नका काढू. आपला २.४ गुणिले ४ मीटरचा पोर्च ९.६ चौरस मीटर. ६०० मिमीची टाइल ०.३६ चौरस मीटरची, म्हणजे भागाकाराने २७. पण रांगा मोजल्या तर ४ गुणिले ७, २८ लागतात, कारण प्रत्येक रांगेत शेवटची टाइल कापावी लागते. त्यावर फुटतुटीला दहाएक टक्के धरा आणि ३१ घ्या. सगळ्या खोक्यांवर बॅच नंबर एकच आहे ना, ते दुकानातच तपासा. दोन बॅचमधला रंगफरक उन्हात उठून दिसतो.

कोरडी मांडणी करून बघा. पूर्ण टाइल बाहेरच्या कडेला आणि पायरीच्या तोंडाशी, कापलेली भिंतीकडे. काटकोन तपासायला ३-४-५ चा नियम: एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजून खुणा केल्या, की दोन खुणांमधलं तिरकं अंतर ५ फूट यायला हवं. आलं नाही तर घर वाकडं आहे, आणि बहुतेक घरं असतात. अशा वेळी रांगा दाराच्या चौकटीला समांतर धरा, वाकडेपणा भिंतीकडच्या तुकड्यांत लपतो.

बसवताना जवळ उभं राहून एक गोष्ट बघा: माल कसा लावला जातोय. टाइलच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे पाच गोळे ठेवून टाइल दाबायची सवय फार आहे. काम झटपट होतं आणि मध्ये पोकळ्या राहतात. त्यांत पाणी शिरतं, आणि कोपऱ्यावर खुर्चीचा पाय टेकला की टाइल तडकते. टाइल ॲढेसिव्ह दातेरी थापीने सगळीकडे एका दिशेने ओढायचं. पहिल्या चार-पाच टाइलमधली एक लगेच उचलून पालथी करा. पाठीवर जवळजवळ सगळीकडे ॲढेसिव्ह चिकटलेलं दिसलं पाहिजे. मिस्त्री जरा नाराज होतो, होऊ द्या.

सांधा ३ ते ५ मिमीचा ठेवा. सांध्याशिवाय टाइल उन्हात फुगून एकमेकींना ढकलतात आणि मधल्या दोन तंबूसारख्या उठतात. दर ३ मीटरला आणि भिंतीच्या कडेने लवचीक सीलंटचा सांधा द्या, तिथे ग्राउट (सांध्यात भरायचा सिमेंटसारखा माल) नको. ग्राउट किमान २४ तासांनी भरा आणि तोवर टाइलवर कोणालाही फिरकू देऊ नका.

कठडा, दिवे

कठडा ९०० मिमी ते १ मीटर उंच, आणि उभ्या गजांमध्ये १०० मिमीपेक्षा कमी फट, म्हणजे लहान मुलाचं डोकं जाणार नाही. आडवे गज दिसतात छान, पण मुलांना ती शिडीच. कठड्याचा पाया टाइलला भोक पाडून बसवणार असाल तर त्या भोकात सीलंट भरल्याशिवाय बोल्ट कसू देऊ नका. झोपाळ्याचा हूक तुळईत किंवा स्लॅबमध्ये हवा, फॉल्स सीलिंगमध्ये कधीही नाही. झुलताना वजनापेक्षा बराच जास्त ओढा येतो.

छपराखालच्या दिव्यांना आयपी ४४ (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) पुरतं, उघड्यावरच्यांना आयपी ६५ घ्या. बाहेरच्या सॉकेटला झाकण, अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) लागतोच. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर उजेड डोळ्यांना बरा वाटतो, आणि पांढऱ्या दिव्यापेक्षा त्यावर किडे कमी येतात. दिवा दाराच्या बरोबर वर लावू नका, नाहीतर दार उघडलं की किडे आधी घरात.

माणसं, पैसे आणि शेवटचा हप्ता

काम अंगावर द्या किंवा रोजंदारीवर, पण यादी लेखी हवी: कुठून फोडायचं, ढाळ किती आणि कुठल्या बाजूला, मलबा कोण उचलणार, सामान कोणी आणायचं. मलब्याचा वाद प्रत्येक घरी होतो. अंदाजपत्रकावर दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवा. फोडल्याशिवाय न दिसणारं काहीतरी निघतंच. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचा हप्ता कशावर ठरवायचा? पहिल्या दिवशीच्या त्याच बादलीवर. मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा: ग्राउट सुकल्यावर दाराशी पाणी ओतणार, आणि सगळं बाहेरच्या कडेवरून गेलं की पैसे. माझ्या मिस्त्रीने दुसऱ्या खेपेला स्वतःच बादली भरून आणली होती.

उरलेल्या टाइल एका खोक्यात घालून, वर बॅच नंबर लिहून कोरड्या जागी ठेवा. पाइपांचे फोटो छापून त्याच खोक्यात टाका, मोबाइल बदलला की ते सापडत नाहीत.